काचेच्या लोकरीचा आळ

१

एप्रिलचा महिना. माळ तव्यासारखा तापलेला. पिळून दोरीवर टाकलेलं धुणं दुसरा कपडा पिळेपर्यंत कडकडीत वाळायचं, आणि घामालासुद्धा अंगावर थांबायला सवड नव्हती. अशा कोरड्याठाक दिवसांत, रविवारची सुट्टी संपवून सोमवारी सकाळी अजरानं आपल्या ताब्यातली हिमरू शालींच्या संग्रहाची कोठी उघडली आणि तिसऱ्या कपाटातली शाल ओली निघाली.

थोडीथोडकी नाही. हात लावला तर बोटं चिंब. सव्वाशे वर्षांची शाल ती, गुलाबी जमिनीवर रुपेरी बदामांची वेल. तो गुलाबी रंग रडलेल्या डोळ्यातल्या काजळासारखा बदामांत पसरला होता. अजरानं वर पाहिलं. सीलिंगच्या पांढऱ्या फळीवर मळकट डाग, डागाच्या मधोमध एक थेंब. फुगला, लोंबला, सुटला.

टप्.

मंगळवारी नऊ वाजता नजमुन्निसा तिथं पोचली ती कावलेलीच. तीस वर्षं आयटीआयमध्ये एसीचं काम शिकवून ती निवृत्त झाली होती. या कोठीसाठी कुठलं सामान वापरायचं ते दोन वर्षांपूर्वी तिनंच कागदावर लिहून दिलं होतं. आणि आता संस्थेचे सचिव काकासाहेब तिला दारातच गाठून दुसरा कागद मागत होते.

"म्याडम, तपास-बिपास काय नको. कालच फोनवर सांगितलं ना? तुमच्या कागदावर काळं रबर लिवलंय. त्या सोनाजीनं आत पिवळं ग्लासवूल कोंबलं अन् रबर घरी नेलं. काल जीप घेऊन मुकुंदवाडीला गेलो, झडती घेतली, सापडलं बी! तुमी फक्त दोन वळी लिहून द्या, माल बदललाय म्हणून. पाच वाजता ठाण्यात अर्ज द्यायचाय."

"आधी वर चढून बघू द्या, काकासाहेब."

"बघून काय व्हनार? पाणी काय परत जानार हाय वर?"

काकासाहेब माणूस वाईट नव्हते. लासूर स्टेशनच्या बाजारातले जुने आडते. हिमरूवर जीव, संस्थेसाठी रात्रंदिवस झिजणारे. पण चाळीस वर्षं पोत्यांच्या थप्प्यांत काढलेल्या माणसाला वरचा दाणा आणि तळचा दाणा एकच असेल, हे खरं कसं वाटावं?

सोनाजी म्हणजे डक्टला पांघरूण घालणारा कारागीर. गार हवा वाहून नेणारे पत्र्याचे चौकोनी नळ, त्यांना डक्ट म्हणतात. त्यांना उघडं ठेवून चालत नाही. गारवा वाटेतच सांडतो, आणि दमट दिवसांत पत्र्याला घाम फुटतो. पांघरूण दोन जातीचं. काळ्या रबराच्या पोटात बंद बुडबुडे असतात, ते ओल पीत नाही, पण महाग, आणि आगीला भिणारं. ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर. ती आगीला जुमानत नाही, पण ओल लागली की तहानलेल्या गुरासारखी पीत सुटते. दोन्हींवर वरून चांदीचा कागद, त्यामुळं आत काय आहे ते बाहेरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. नजमुन्निसानं सगळीकडं रबर लिहिलं होतं, आणि खाली ठळक अक्षरांत: चांदीच्या कागदाला टाचणीएवढंही भोक राहू नये.

शिडी यायला तास लागला. आली ती एका पायानं लंगडी. चरफडत नजमुन्निसा वर चढली, सीलिंगची फळी सरकवली, थेंबाच्या डोक्यावरचा चांदीचा कागद तिनं सुरीनं कापला. आत काळं रबर. कोरडं.

पाणी इथं जन्मलं नव्हतं. ते पत्र्याच्या उताराला लागून भिंतीपलीकडून चालत आलं होतं. ती उतरली, शिडी ओढत बाहेरच्या बोळात नेली आणि तिथल्या सीलिंगच्या झडपेतून पुन्हा डोकं वर घातलं. कोठीशेजारच्या खोलीवरून गेलेला डक्ट हाताशी आला. फुगलेला, पोट लोंबलेला. तिनं कागदाला सुरी लावली.

भस्सकन पाणी मनगटावर आलं. मागोमाग भिजलेल्या कापसासारखा एक लगदा लोंबू लागला.

पिवळाधमक.

काकासाहेब खरं बोलत होते.

२

"आता लिहा," खालून काकासाहेब म्हणाले.

"थांबा ना जरा!" नजमुन्निसा एवढ्या जोरात खेकसली की अजरा दचकली.

राग काकासाहेबांवर नव्हता, सोनाजीवर होता. त्याचा हात तिनं दुसऱ्या कामांवर पाहिलेला होता. कोपऱ्यावर चांदीचा कागद वळवताना तो असा वळवायचा, की आईनं तान्ह्याचं दुपटं वळवावं. अशा हातानं चोरी केली? का?

बोळात बाकावर बसून तिनं अजराला विचारलं. अजरा पदरानं डोळे पुसत होती.

"किल्ल्या कुणाकडं असतात?"

"कोठीची माझ्याकडं, आपा. या बाजूच्या खोलीची कमरोद्दीनचाचांकडं. ते तिथं बसून जुन्या कपड्यांची रफू करतात. दुसरं कोण नाही येत."

"सोमवारी पाणी दिसल्यावर सीलिंग कुणी उघडलं होतं? वरचा कागद कुणी कापला?"

"कोण कापणार? शिडीच नव्हती. आज तुमच्यासाठी मागवली."

नजमुन्निसानं मान हलवली आणि वरच्या टाकीची चौकशी केली. टाकी भलत्याच बाजूला. नळाची पाइपही तिकडं नाही. तरी खात्री हवी म्हणून तिनं एका काचेच्या तुकड्यावर पत्र्याच्या कडेचा थेंब घेतला, दुसऱ्यावर नळाचं पाणी, आणि दोन्ही उन्हात ठेवले. चहा येण्याआधी वाळले. नळाच्या थेंबानं या गावच्या रीतीप्रमाणं पांढरं खाराचं कडं मागं ठेवलं. छतातल्या थेंबानं मळ ठेवला, खार नाही.

म्हणजे पाणी पाइपातलं नव्हतं. हवेतनं निथळलेलं होतं.

पण कुठल्या हवेतनं? बाहेर हवा अशी, की ओठ चिरावेत! या हवेत डक्ट उघडानागडा टांगला तरी त्याला घाम फुटायचा नाही. मग रबर काय, लोकर काय, फरकच पडत नव्हता. चोरी झाली असेल, तरी चोरीनं पाणी पडलेलं नव्हतं.

ती पुन्हा चढली. आता सुरीऐवजी बोटांनी चाचपत गेली. झडपेजवळच, चांदीच्या कागदावर, बोटाला काहीतरी लागलं.

भोक. करंगळीच्या टोकाएवढं, गोल. चार बोटं पुढं दुसरं. त्यापुढं तिसरं. उंदरानं कुरतडलं तर कड दातेरी होते. ही कड सुरेख कातरलेली. तिनं करंगळी आत घातली. आत लोकरच नव्हती. बोटभर लांबीचा, दंडगोल, मोकळा पोकळ बोगदा.

कुणीतरी नुसतं टोचलेलं नव्हतं. टोचून आतलं काढून नेलेलं होतं.

३

मुकुंदवाडीच्या स्टेशनामागं, रुळांच्या बाजूला सोनाजीचं पत्र्याचं घर. गल्लीत शिरताना नजमुन्निसाला दारादारातल्या नजरा जाणवल्या. काल जीप आली होती, आज ही आली.

दारात सोनाजीची बायको बानाबाई जात्यावर भरडा काढत होती. ओठांतल्या ओठांत चाललं होतं:

ऊन तापलं तापलं, माळ झाला बाई तवा
दुसऱ्याच्या घरासाठी, धनी वाहतो गारवा

परकी बाई पाहून ती थांबली. "काल सगळी भांडी रस्त्यात मांडली आमची," ती म्हणाली. "आज काय राहिलंय बघायचं? चूल?"

"रबर बघायचंय, बाई."

बानाबाईनं आडोशाला बोट केलं. तिथं दोन कोकरं पाय पोटाशी घेऊन पडलेली. घरात आता कळप नव्हता, धनगरवाड्याची हौस म्हणून राखलेली ही दोनच. त्यांच्या खाली काळ्या रबराचे तुकडे. नजमुन्निसा उकिडवी बसली, एकेक तुकडा उचलू लागली. कुठला वीतभर, कुठला त्रिकोणी, कुठला सुपाच्या कडेसारखा वाकडा. डक्टच्या वळणावर रबर कापताना जो उरतो आणि झाडूनं लोटला जातो, तो हा. सलग तुकडा एकही नव्हता. यातून डक्टचा एक हातसुद्धा झाकला नसता.

सोनाजी खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"सोनाजी, हे कातरण आहे. तू कालच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं नाय व्हय? ऐकलं कुनी?"

"मग मला सांग. त्या खोलीवर ग्लासवूल का घातलंस?"

"तुमीच बघा की. शिकलेली मानसं तुमी."

"अरे, पाच वाजता अर्ज जातोय तुझ्या नावानं!"

"जाऊ द्या. वाळूजच्या ठेकेदाराचा सकाळीच फोन आला. म्हनला, आळ निघाल्याबिगर कामावर येऊ नको. वीस वरसं लोकांची घरं गार ठिवली म्या, म्याडम. नाव गेलं, आता हात ठिवून काय करू?"

नजमुन्निसाला वाटलं, याला खांदे धरून गदागदा हलवावं. खरं उराशी दाबून बसायचं आणि जगानं ते आपसूक वाचावं म्हणायचं, हा कसला हट्ट! ती उठली, दारापर्यंत गेली, आणि मागून आवाज आला.

"तुमच्या कागदात शेगडी हुती का?"

"कसली शेगडी?"

"पावसाळ्यात हवा कोरडी ऱ्हावी म्हनून एसीवाल्यांनी डक्टात हीटर बसवला. मागनं. चाचाच्या खोलीवर. कागद तुमचा आधीचा. त्या तापल्या तारंला खेटून रबर गुंडाळू? वाळूजला एका कारखान्यात म्या पेटलेलं बघितलंय. धूर असा, का समोरचा मानूस दिसंना. म्हनून दोन्ही अंगांनी चार-चार हात काचेची लोकर घातली. एसीवाल्या साहेबाला फोन केला, तो म्हनला घाल. कागुद कुनी केला नाय."

"आणि तिथलं उरलेलं रबर?"

"गच्चीवर जा. उन्हात डक्ट हाय तितं पत्र्याखाली बघा. एक थर लिवलाय तुमी. म्या दोन घातलेत."

नजमुन्निसाचा चेहरा उतरला. हीटर. तिनं कागद दिला, मानधन घेतलं, आणि परत फिरकलीच नाही. मजुरानं जे पाहिलं ते तपासनिसानं पाहिलं नव्हतं. मेंढरांच्या लोकरीत वाढलेल्या या माणसानं काचेची लोकर बरोबर जागी घातली होती, आणि तिच्या कागदानं त्याला चोर ठरवलं होतं.

"मग लोकर भिजली कशानं, सोनाजी?"

"ते तुमी हुडका," तो भिंतीलाच म्हणाला. "म्या झाकून आलो तवा कागदाला एक भोक नव्हतं. एक बी."

४

गच्चीवर, पत्र्याखाली, खरंच दोन थर निघाले. तोवर दुपारचे दोन वाजून गेले.

नजमुन्निसानं अजराकडून स्टीलचा पेला आणि फ्रिजमधलं पाणी मागवलं. थोडं साधं मिसळून पाणी डक्टातल्या हवेइतकंच गार केलं, तेरा अंश. मग पेला व्हरांड्यात ठेवला. पाच मिनिटं. बाहेरून कोरडा. बोळात ठेवला, कोरडा. कोठीत ठेवला, कोरडाच.

"आपा, हे काय चाललंय?" अजरा म्हणाली. "पाणी प्यायचं तर प्या की."

"घाम कुठं फुटतो ते बघतेय."

पेला हातात घेऊन तिनं शेजारच्या खोलीचं दार ढकललं. कमरोद्दीनचाचांनी आतून "आव बेटी, आव, जल्दी दार लाव!" म्हणून हाक दिली. आणि तिला वाटलं, आपल्याला कुणी एप्रिलमधून उचलून थेट श्रावणात ठेवलंय.

खोली गार, ओलसर, गोणपाटाच्या वासाची. खिडकीत कूलर घोंघावत होता. गावात एप्रिलला कूलर नसलेली खिडकी सापडायची नाही, म्हणूनच आल्यापासून तिनं तो बाहेरून तीनदा पाहिला होता आणि एकदाही दिसला नव्हता. मधोमध जमिनीत खणलेला माग, खड्ड्यात पाय सोडून बसलेले सत्तरीचे कमरोद्दीनचाचा, आणि मागाच्या चारी अंगांनी भिजवलेली गोणपाटं. संग्रहातल्या फाटक्या शालींना जोडायला ते तशीच नवी पट्टी विणत होते.

हातात काहीतरी गार, निसरडं वाटलं. तिनं खाली पाहिलं. पेल्याला दरदरून घाम फुटला होता. थेंब मनगटावरून ओघळत कोपराकडं चालले होते.

"चाचा, गोणपाटं कशाला भिजवली?"

"कायकू म्हणजे?" चाचा हसले. "तार तुटतो ना बेटी. सुक्या हवेत सुताचा काय भरोसा? एक बार फुंकर मारली तर तीन तार तुटतात. मेरे अब्बा पहाटे उठून मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडायचे. बोलते, सूत हे लेकरू आहे, त्याला तहान लागते. मार्च लागला का मी गोणपाट भिजवतो. अजराबेटीनं कूलर दिला, अल्लाह तिचं भलं करो."

"दार-खिडक्या बंद?"

"धूळ येते ना कपड्यावर. पण कूलरच्या हवेला निघायला वाट पाहिजे, नाही तर घुसमट होते. वो देख, वरची एक फळी सरकवून ठेवली."

नजमुन्निसानं वर पाहिलं. सरकवलेल्या फळीच्या अंधारात डक्टचं लोंबतं पोट अगदी समोर होतं. त्यातून एक थेंब निघाला, उताराला लागला, आणि भिंतीकडं, कोठीकडं, शालींकडं चालू लागला.

चाचांनीही वर पाहिलं. त्यांच्या हातातला धोटा थांबला. त्या हातांना सूत कळत होतं, आणि पाणीही.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "वो शाल... मैंने भिगोई?"

५

साडेचारला काकासाहेबांच्या खोलीत सगळे जमले. सोनाजीला निरोप गेला होता. तो आला नाही. टेबलावर टाइप केलेला अर्ज तयार होता, फक्त नजमुन्निसाच्या दोन ओळी जोडायच्या राहिल्या होत्या.

तिनं हीटरचं सांगितलं, गच्चीवरच्या दोन थरांचं सांगितलं, कातरणाचं सांगितलं. चोरी झालीच नव्हती. मग कमरोद्दीनचाचा टोपी हातात घेऊन उठले आणि स्वतःच म्हणाले, "पाणी माझं आहे, साब. मी तार वाचवायला गेलो आणि शाल बुडवली. अर्जावर माझं नाव घाला."

काकासाहेबांनी सुस्कारा सोडला. सुटकेचा. "बरं झालं, उलगडा झाला. चाचा, वयानं व्हतं असं. चला, म्याडम, मिटलं. अर्ज फाडून टाकू."

"मिटलं नाही," नजमुन्निसा म्हणाली.

दिवसभराचा वैताग तिच्या आवाजात साचला होता. ती उभीच राहिली.

"चाचांचा ओलावा त्या डक्टपाशी गेला, खरं आहे. पण चांदीचा कागद शाबूत असता तर ओलावा बाहेरच राहिला असता. सोनाजीनं लोकर पुरेशी जाड घातलीय; वरून गारवा जाणवत नाही, म्हणजे वरून घामही फुटत नाही. ओल आत शिरली ती भोकांतून. चार-चार बोटांवर एक, अशी नऊ भोकं. गोल, एका मापाची. बोळातल्या झडपेतून हात पोचेल तितकीच. चाचांच्या फळीच्या बाजूनं एकही नाही."

"उंदीर असंल," काकासाहेब म्हणाले.

"उंदीर अंतर मोजून कुरतडत नाही. खिळा असता तर लोकर आत दाबली गेली असती. इथं लोकर बाहेर काढलीय, वातीसारखी. म्हणजे हत्यार पोकळ होतं. टोकदार आणि पोकळ. काकासाहेब, बंद पोत्याच्या पोटातले दाणे तुमच्या बाजारात कशानं काढतात?"

अजरानं चमकून मान वर केली. पोत्यात खुपसून मधला माल बाहेर ओढायची ती लोखंडी नळी, परखी. लासूरच्या आडतीवर भिंतीला टांगलेली ती कुणी पाहिली नव्हती?

"परखी काय माज्याकडंच असती?" काकासाहेबांचा आवाज चढला. "सारा बाजार बाळगतो!"

"बाळगतो. पण सारा बाजार मला सोमवारी फोन करून 'पिवळं ग्लासवूल' म्हणाला नाही. तुम्ही म्हणालात. ग्लासवूल पिवळं असतं, गुलाबी असतं, पांढरंही असतं. इथलं पिवळं आहे हे मला आज सकाळी सुरी घातल्यावर कळलं. सोमवारी इथं शिडीच नव्हती. कोकरांखालच्या काळ्या रबरावरून आतली लोकर पिवळी आहे, हे कुठल्या शहाण्याला कळेल? ते त्यालाच ठाऊक, ज्यानं ती आधी बाहेर काढून पाहिली."

पंखा फिरत होता. अर्जाचा कागद फडफडत होता. 

काकासाहेबांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत कागदाच्या पुड्या होत्या, बाजारात वाणगीच्या, म्हणजे नमुन्याच्या मालाच्या बांधतात तशा, नीट दोऱ्यानं आवळलेल्या. त्यांनी एक सोडली. आत चिमूटभर पिवळी लोकर.

"दिवाळीच्या आधी, काम पुरं झाल्याच्या कागदावर सही करायच्या अगुदर," ते खाली बघत म्हणाले. "चाळीस वरसांची खोड हाय, म्याडम. झाकलेलं कायबी दिसलं का हात शिवशिवतो. घरच्या शिडीवर चढलो, परखी घातली, वाणगी काढून ठिवली. तवा मला काय ठावं, कुठं काय पायजे? आत माल हाय, एवढं बघितलं अन् सही केली. सोमवारी पाणी पडल्यावर तुमचा कागद काढून वाचला. वर लिवलेलं काळं रबर... अन् खाली लिवलेलं, टाचणीएवढं भोक नको."

"दोन्ही ओळी वाचल्यात."

"वाचल्या."

"आणि वरची तेवढी घेऊन मुकुंदवाडीला गेलात."

 काकासाहेब दोन्ही हातांनी ती पुडी पुन्हा बांधायचा प्रयत्न करत होते, आणि जन्मभर पुड्या बांधलेल्या त्या बोटांना गाठ येत नव्हती.

"शाल चाचांनी मायेपोटी भिजवली," नजमुन्निसा म्हणाली. "तुम्ही संशयापोटी. मी आळसापोटी, हीटर बसल्याचं मी येऊन बघायला हवं होतं. आपण तिघं इथं पंख्याखाली आहोत. ज्यानं काही केलं नाही, तो तिकडं भिंतीकडं तोंड करून बसलाय."

६

फोन काकासाहेबांनीच लावला. "सोनाजी, झालं गेलं इसरून जा. उद्यापासून कामावर ये. वाळूजच्या ठेकेदाराशी मी बोलतो."

पलीकडून काय आलं ते सगळ्यांना ऐकू आलं, कारण सोनाजी हळू बोलत नव्हता.

"फोनवर नको. झडतीला फोन केला हुता का?"

काकासाहेब जीपमध्ये बसले. कमरोद्दीनचाचा, कुणी बोलावलं नसताना, मागं चढून बसले. नजमुन्निसा त्यांच्या शेजारी.

उन्हं कलली होती. मुकुंदवाडीच्या गल्लीत बायका नळावर होत्या, पुरुष कामांवरून परतत होते. जीप दिसताच हंडे भरता भरता थांबले. काकासाहेब उतरले, दारापाशी गेले आणि सोनाजीच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले.

बानाबाई उंबऱ्यावर आली.

"आमाला नगं सांगू, साहेब. आमाला ठावं हाय तो चोर नाय. त्यास्नी सांगा." तिनं नळाकडं हात केला. "ती पुतळाबाई काल माज्या हंड्याला शिवंना."

काकासाहेबांनी गल्लीकडं तोंड फिरवलं. गळा साफ केला. बाजारात लिलाव पुकारणारा आवाज होता तो, पण आज त्याला वर यायला फार वेळ लागला. "ऐका हो," ते म्हणाले. "सोनाजीनं काय चोरलेलं नाय. चूक माजी हुती. भोकं म्या पाडली अन् आळ याच्यावर घातला."

"मेरी भी," चाचा म्हणाले.

 मग पुतळाबाईनं आपला भरलेला हंडा बाजूला सारला आणि बानाबाईला नळावर जागा करून दिली. बानाबाईनं ती घेतली नाही. उंबऱ्यावरच उभी राहिली.

सोनाजीनं कुणाला बसा म्हटलं नाही. चहा विचारला नाही. तो सरळ नजमुन्निसासमोर आला.

"ती भिजली लोकर वाळायची नाय. काढून नवी घालावी लागंल. चाचाला ओलावा लागतोच, तर त्याच्या खोलीवर वरची फळी बंद, अन् कागदावर दुसरा कागद, दुहेरी. शेगडीपाशी रबर नाय म्हंजे नाय. म्या करतो. पन यावेळी आधी लिवून पायजे. तुमच्या सहीनं."

"आत्ता?"

"आत्ता."

नजमुन्निसानं पिशवीतून वही काढली. टेकायला काही नव्हतं, तिनं ती जीपच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवली. कागदाच्या माथ्यावर तिनं लिहिलं, 'खालील सामान पुढील कारागिराच्या सल्ल्यावरून ठरवण्यात येत आहे', आणि पेन थांबलं. दोन वर्षं ती या माणसाला एकाच नावानं हाक मारत आली होती.

"पूर्ण नाव सांग," ती म्हणाली. मग स्वतःलाच दुरुस्त केलं. "सांगा."

तो वहीपाशी सरकला.

"सोनाजी सांडू देवकते," तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला.